कोठीशी रुजवात

२८ एप्रिल. गच्चीवर वर्षाचा गहू वाळत घातला आहे. दर तासाला वर जाऊन तो पायाने उलटवायचा आणि मधल्या वेळात खाली पंख्याखाली बसून विद्यार्थ्यांचे प्रकल्प तपासायचे, असा आजचा बेत आहे. माझे विद्यार्थी एम.एस्सी.चे आहेत, बारावीपर्यंत मराठीत शिकलेले. आता त्यांना स्वतः केलेलं काम इंग्रजीत असं लिहायचं असतं की जो तिथे नव्हता त्यालाही ते कळावं. ते त्यांना शिकवणं गेली वीसेक वर्षं माझ्याकडे आहे. आज पहिल्याच प्रकल्पाच्या आभाराच्या पानावर एका मुलीने प्राचार्य, आईवडील, मेसच्या मावशी आणि शेवटी ‘जिची फाइल फार उपयोगी पडली त्या सीनियर ताई’ यांचे आभार मानले होते. मी पेन खाली ठेवलं आणि तास झाला नव्हता तरी गहू उलटवायला वर गेले. असंच एक आभाराचं पान मी लिहिलं होतं, आणि माझं हिच्यापेक्षा पुष्कळ सविस्तर होतं.

आमचं घर अमडापूरचं. काका शेती बघायचे, आणि त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे माझे बाबा तालुक्याच्या कचेरीत नक्कल कारकून होते. लोकांना जुन्या कागदांच्या नकला लागायच्या, वाटणीपत्राच्या, निकालाच्या, कुठल्यातरी पणज्याच्या अर्जाच्या. बाबा त्या हाताने उतरवायचे. उतरवून झालं की दुसरा कारकून अस्सल कागद मोठ्याने वाचायचा आणि बाबा नकलेवर बोट फिरवत जायचे. याला रुजवात म्हणतात. मग खाली ‘नक्कल तयार करणार’ आणि ‘रुजवात घेणार’ अशा दोन सह्या व्हायच्या आणि ‘खरी नक्कल’ असा शिक्का बसायचा. बाबांना या कामाचा अभिमान होता. अस्सलात चूक असेल तर नकलेतही ती तशीच ठेवायची, आपल्या अकलेने सुधारायची नाही, हे ते आम्हाला श्लोकासारखं सांगायचे. तेव्हा आमच्या घरात नक्कल हा वाईट शब्द नव्हता. तो पोटापाण्याचा शब्द होता.

ही सवय त्यांनी घरीही आणली होती. शाळेचा फॉर्म असो, डॉक्टरची चिठ्ठी असो की काकांच्या खताची यादी, घरात काहीही उतरवून काढलं की रविवारी संध्याकाळी रुजवात व्हायची. बाबा ओसरीवर चष्मा लावून बसायचे आणि विरामचिन्हांसकट वाचायचे. ‘अर्जदार कॉमा राहणार अमडापूर कॉमा यांस फुलस्टॉप.’ आत आई भाकरी थापत असायची, शांताकाकू सूप घेऊन पाखडत असायची, आणि सुपाच्या त्या फडफडीत बाबांचे कॉमा पडत राहायचे. शांताकाकू म्हणजे काकांची बायको, घरातली मोठी सून. शाळेत ती कधी गेली नव्हती, पण कॉमा म्हणजे दम घ्यायची जागा हे तिला पाठ होतं. आई बोलायला लागली आणि थांबेना की काकू म्हणायची, ‘एखांदा कॉमा तं घे व बाई.’

मी बुलढाण्याला एम.एस्सी. करत होते, वनस्पतिशास्त्रात. दोन मैत्रिणींबरोबर एक खोली घेतली होती, तिच्यात माझी एक खाट आणि भिंतीतला एक कोनाडा. काकांनी नियम घातला होता की घरातून एका वेळी एकच पोरगी बाहेर राहील. काका वाईट नव्हते. त्यांना रात्री दोन ठिकाणची काळजी करता येत नव्हती, एवढंच. माझी धाकटी बहीण वंदी बारावी होऊन एक वर्ष घरी बसली होती. मी प्रकल्प देऊन खोली सोडणार आणि जूनमध्ये त्याच खाटेवर ती जाणार, असं ठरलेलं होतं. तिने पत्र्याची पेटी आत्ताच घासूनपुसून ठेवली होती आणि रोज तिच्यात काहीतरी भरून पुन्हा काढायची. माझं वर्ष गेलं तर तिचंही जाणार होतं, आणि दुसरं वर्ष घरी बसलेल्या मुलीसाठी आमच्याकडे कॉलेज शोधत नाहीत, स्थळ शोधतात.

शेवटच्या वर्षी प्रकल्प असायचा. माझा विषय होता, धान्य साठवताना बाया कोणकोणत्या वनस्पती वापरतात. दिवाळीच्या सुट्टीत आणि पुढे संक्रांतीला मी आमचं धरून गावातल्या एकवीस घरी जाऊन बसले. प्रत्येक घरी चहा, प्रत्येक घरी ‘तुह्यं लग्न कवा?’, आणि मग धान्याचं बोलणं. सगळं एका दोनशे पानी वहीत लिहून घेतलं, बाया बोलल्या तसंच्या तसं. हे काम मला फार आवडलं. मी मुळात चौकस आहे, आणि वही हातात असली की लोक चौकस बाईला नावं ठेवत नाहीत.

पण प्रकल्प इंग्रजीत लिहायचा होता, आणि तिथे माझं डोकं थांबलं. बी.एस्सी.ची इंग्रजी म्हणजे नोट्स पाठ करून उतरवायच्या. स्वतःचं एक वाक्य इंग्रजीत लिहायची वेळ मला तोवर आली नव्हती, आणि ती यायला हवी होती हेही माहीत नव्हतं. इंग्रजी कुठेतरी तयार होते आणि आपण ती तिथून आणायची, अशी माझी समजूत होती. माझ्या दोन वर्षं पुढे असलेल्या सुनीताताईने याच विषयावर मोताळ्याचा प्रकल्प केला होता. काळी कडक बांधणी, वर सोनेरी अक्षरं. मी मागितला आणि तिने आनंदाने दिला. आठ दिवसांत मी तो पूर्ण उतरवला. मोताळा होतं तिथे अमडापूर घातलं. वही ट्रंकेत तळाशी ठेवून दिली.

रविवारी बाबांनी रुजवात घेतली. त्यांची इंग्रजी कचेरीपुरती होती, पण अक्षर न् अक्षर लावून वाचायचे. चार चुका काढल्या. एका ठिकाणी म्हणाले, ‘नंदा, हिचं स्पेलिंग अस्सलातच चुकलेलं दिसते. तू तसंच ठेवलं ना?’ मी हो म्हटलं. ‘बरोबर केलं.’

राहिलं आभाराचं पान. ते मला सुनीताताईचं घेता येत नव्हतं, कारण तिचे आईवडील वेगळे होते. म्हणून ते मी स्वतः लिहिलं, माझ्या आयुष्यातलं पहिलं इंग्रजी. त्याचा मराठीत अर्थ असा होता: ‘माझ्या सीनियर कुमारी सुनीता यांची मी अत्यंत ऋणी आहे. त्यांच्या संमतीने मी त्यांचा प्रकल्प पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत उतरवला आहे. माझ्या वडिलांनी तो मूळ प्रतीशी ताडून पाहिला आहे. ही खरी नक्कल आहे.’ विद्यार्थ्यांना मी हे वाक्य अजून सांगते. ते हसतात. मग मी विचारते, तुम्ही नेटवरून उतरवता तेव्हा आभार कोणाचे मानता? मग हसणं थांबतं.

आमच्या मार्गदर्शक शेख मॅडम होत्या. मलकापूरच्या, उर्दू शाळेत शिकलेल्या. मराठी त्यांची दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी, आणि तिन्ही त्या एकाच सुरात बोलायच्या, नळाखाली बादली भरल्यासारख्या. त्या प्रकल्प हातात घेतला की आधी आभार वाचायच्या. मला प्रयोगशाळेत बोलावलं तेव्हा वाटलं, शाबासकी आहे.

‘ये, बस. हे तू लिहिलंस?’

‘हो मॅडम.’

‘पूरा?’

‘आभार मी लिहिले. बाकी सुनीताताईचं आहे. पण बाबांनी रुजवात घेतली आहे.’

‘रुजवात म्हणजे काय?’

मी समजावून सांगितलं, दोन सह्या, शिक्का सगळं. मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. ‘देख नंदा, चोऱ्या मी पुष्कळ पकडल्या. पावती फाडून चोरी करणारी तू पहिली.’

चोरी हा शब्द मला लागला. मी म्हटलं, मी विचारून घेतलं आहे, लपवलं नाही, एक अक्षर इकडचं तिकडे केलं नाही. मॅडम म्हणाल्या, तेच तर. मग त्यांनी मधलं एक पान काढलं. ‘इथे लिहिलंय, अमडापूरच्या बाया ज्वारीत निरगुडीचा पाला टाकतात. टाकतात?’

‘नाही.’

‘निरगुडी आहे गावात?’

‘नाल्याच्या कडेला आहे. पण धान्यात कोणी टाकत नाही. बहुतेक घरी कडुलिंब टाकतात, नाहीतर राख.’

‘मग हे का लिहिलं?’

‘सुनीताताईच्या प्रकल्पात आहे.’

‘आणि कडुलिंबाचं तुला कोणी सांगितलं?’

मी म्हटलं, माझ्याकडे वही आहे. दुसऱ्या दिवशी ती वही त्यांना नेऊन दिली. त्यांनी उभ्याउभ्याच वाचायला घेतली, मग बसल्या, मग चहा सांगितला. मला चहा नाही सांगितला. चाळीसेक मिनिटांनी वर बघितलं. ‘हे काऊन नाही लिहिलं?’ मॅडमच्या तोंडी काऊन मी पहिल्यांदा ऐकलं.

‘हे वऱ्हाडीत आहे, मॅडम. हे काय इंग्रजीत लिहायचं असतं?’

त्यांनी मला दहा दिवस दिले. त्यानंतर प्रकल्प विद्यापीठाला जाणार होता. तोवर माझं अस्सल आलं तर सही, नाहीतर नापास. माझ्या वहीच्या पहिल्या पानाच्या समासात त्यांनी पेन्सिलीने तीन ओळी लिहिल्या: कोणी सांगितलं? तू पाहिलंस का? नसशील पाहिलं तर तसं लिही. मी रडकुंडीला येऊन म्हटलं, माझी इंग्रजी तेवढी नाही. त्यावर त्या म्हणाल्या, ‘जेवढं पाहिलं तेवढं लिहायला तुझी इंग्रजी पुरते. न पाहिलेलं लिहायला जास्त इंग्रजी लागते, म्हणून तुला सुनीताकडे जावं लागलं.’ लेखन शिकवण्याबद्दल मी नंतर पुष्कळ पुस्तकं वाचली. या दोन वाक्यांपलीकडे फार जावं लागलं नाही.

घरी आले तेव्हा बाबा जेवत होते. कळण्याची भाकर आणि झुणका. मी सगळं सांगितलं. त्यांनी विचारलं, ‘नक्कल चुकली का आपली?’

‘नाही. नक्कल बरोबर आहे. त्यांना अस्सल पाहिजे.’

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. मग म्हणाले, ‘अस्सल तं आपण कधी केलं नाही.’ वंदी दारात उभी होती. ती पेटीजवळ गेली आणि तिच्यातले कपडे काढून पुन्हा दांडीवर टाकायला लागली. मी तिला म्हटलं, ‘राहू दे तिथंच. दहा दिवस आहेत.’

‘तू पाहिलंस का?’ या प्रश्नाने माझं काम वाढवलं, आणि खरं सांगायचं तर मजाही. मी विचारलं होतं, पाहिलं नव्हतं. एप्रिल चालू होता, घराघरात वर्षाचा गहू भरणं चाललं होतं, पाहायला याहून चांगली वेळ नव्हती. मी पुन्हा एकवीस घरी गेले आणि या वेळी म्हटलं, कोठी उघडून दाखवा. बायांना आधी हसू आलं, मग संकोच. एका घरी संक्रांतीला राख सांगितली होती, तिथे दुकानातल्या गोळ्या निघाल्या. ‘राख सांगाले बरं वाटते,’ ती बाई म्हणाली, ‘गोळ्या सांगतल्या तं तू म्हणशीन आळशी हाय.’ दुसरीने कडुलिंब सांगितला होता, आणि होताही, पण फक्त वरच्या थरात. खाली कोणी बघत नाही म्हणून. लोक खोटं बोलतात असं मला वाटलं नाही. आपल्या घरात काय चालतं याची एक चांगली प्रत त्यांच्याकडे तयार असते, ती देतात. मी तेच केलं होतं.

शेवटचं घर आमचं. शांताकाकूच्या गव्हाला वर्षभर पोरकिडा लागत नसे, हे गावात प्रसिद्ध होतं. बाया विचारायला यायच्या आणि काकू सांगायची, कडुलिंबाचा पाला, सावलीत वाळवलेला, बस. माझ्या वहीतही तसंच होतं. पण कोठी भरताना ती सगळ्यांना माजघरातून बाहेर काढायची. भरताना कोणी बोलायचं नाही, दाणा बिचकते, असं तिचं म्हणणं. मी आत जाऊन बसले.

‘काऊन बसून राह्यली? जाय, आईले मदत कर.’

‘पाहाचं आहे मले. मॅडमनं सांगतलं, पाहून लेह म्हणून.’

‘मॅडम येणार हाय का गहू खाले?’

‘काकू, वीस घरं पाह्यली. आपलंच राह्यलं.’

काकूने आधी बाहेर डोकावून पाहिलं. मग दार लोटून घेतलं आणि घडवंचीमागून एक डबा काढला. डब्यात पांढऱ्या कापडाच्या चपट्या पुरचुंड्या होत्या. तिने मला हात लावू दिला नाही. एक पुरचुंडी कोठीच्या तळाशी गेली, मग गव्हाचा थर, मग एक मध्ये, मग थर, आणि शेवटची वरून हातभर खोल. सगळ्यात वर कडुलिंबाचा पाला, येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसायला.

‘काय आहे यात?’

‘बिबे.’

 वंदी चार वर्षांची असताना तिला धान्यात एक बिबा सापडला होता. तिने तो दगडाने फोडला, तेल उडालं, तोंडभर उतलं, फोड आले. आठ दिवस डोळे उघडले नव्हते. बाबांचा आवाज चढलेला मी आयुष्यात तेव्हा एकदाच ऐकला. या घरात पुन्हा बिबा दिसला तर कोठीसकट नाल्यात टाकीन, असं ते वहिनीसमोर उभे राहून म्हणाले होते. शांताकाकूने तुळशीला हात लावून सांगितलं होतं, नाही दिसणार.

‘दिसला का मंग?’ काकू हळू आवाजात म्हणाली. ‘पंधरा वर्सं झाली. दिसला का कोनाले? पाल्यानं गहू कडू लागते आन् किडा काही थांबत नाही. माह्या माहेरी बिबेच टाकतात. मी करून पाह्यलं दोन वर्सं पाल्यावर, अर्धी कोठी गेली. तवा कोन बोललं? मलेच बोलले.’

‘मले हे लेहा लागीन, काकू.’

‘व माय! काऊन?’

मी तिला सांगायचा प्रयत्न केला. तिला कडुलिंबात धरलं तर माझं लिहिलेलं खोटं. आणि नुसतं खोटं नाही, वायाही जाणार होतं. एकवीस घरांत ज्या एका कोठीत किडा लागत नव्हता ती हीच, आणि तिच्यातच वेगळं काही होतं. माझ्या सगळ्या फिरण्यातून कळलेली नवी गोष्ट एवढीच होती. काकूने पदराने तोंड पुसलं. ‘नाव नको लेहू माह्यं.’

‘नाही लेहत. एक घर, एवढंच लेहतो.’

‘आन् भाऊजीले दाखोशीन?’

त्याचं उत्तर आम्हा दोघींनाही माहीत होतं. या घरातून लिहिलेला कागद रुजवातीशिवाय बाहेर गेला नव्हता.

चार दिवस मी लिहीत होते. आधी वऱ्हाडीत एक वाक्य मोठ्याने म्हणायचं, मग त्यातलं न पाहिलेलं काढायचं, मग उरलेलं इंग्रजीत. वाक्यं आखूड झाली. सुनीताताईचा पंचेचाळीस पानांचा डोंगर होता, माझी अठरा पानं झाली. पाचवीतल्या मुलीचं वाटावं असं इंग्रजी, पण प्रत्येक वाक्याला कोणी विचारलं असतं, कशावरून, तर मी त्या घरापर्यंत चालत नेऊ शकले असते. बिब्याचा परिच्छेद सात ओळींचा होता. तो मी दोनदा काढला आणि तिसऱ्यांदा घालून पान शिवून टाकलं.

रविवारी संध्याकाळी बाबा ओसरीवर बसले. चष्मा पुसला. ‘अस्सल कुठं आहे?’

मी वही दिली. ते म्हणाले, ही तर तुझी. मी म्हटलं, तीच. ते थोडे गोंधळले, पण मग त्यांनी वाटणी केली. इंग्रजी ते वाचणार, आणि मी वहीतली ती जागा दाखवून ‘बरोबर’ म्हणणार. सुरुवात झाली. आत तव्यावर भाकर फुगत होती, काकूचं सूप चालू होतं. ‘इन नाइन हाउसेस कॉमा नीम लीव्हज फुलस्टॉप.’ बरोबर. गोळ्यांवर ते खुदकन हसले, ते घर त्यांनी ओळखलं असावं. मग चौदावं पान आलं. ‘इन वन हाउस,’ त्यांनी वाचलं, आणि पुढचा शब्द लावायला त्यांना वेळ लागला. मी वनस्पतीचं शास्त्रीय नाव लिहिलं होतं. पण गावात तिला जे म्हणतात तेही कंसात लिहायचं, ही मॅडमची शिस्त.

ते थांबले. तिथे कॉमा नव्हता.

‘हे वहीत दाखव.’

दाखवलं.

‘घर कोणतं?’

‘नाव लिहायचं नाही असं कबूल केलंय, बाबा.’

आतलं सूप बंद झालं.  वंदी उंबऱ्याशी उभी होती. तिला त्या आजारपणातलं काही आठवत नाही, तिने नुसतं माझ्या तोंडाकडे बघून ओळखलं की काहीतरी बिघडलं आहे. बाबांनी तिच्याकडे पाहिलं, मग कागदाकडे. मग उठले, चष्मा न काढताच माजघराच्या दारात जाऊन उभे राहिले.

‘वहिनी, कोठी उघडू का?’

शांताकाकूने सूप मांडीवरून खाली ठेवलं. ‘उघडा.’

बाबांनी झाकण काढलं, पाला बाजूला केला आणि कोपरापर्यंत हात गव्हात घातला. त्यांना शोधावं लागलं नाही. किती खोल, ते त्यांनी आत्ताच वाचलं होतं. पुरचुंडी बाहेर आली. जुन्या धोतराचं कापड होतं. बाबा ती घेऊन उजेडात, दाराशी आले आणि अंगठ्याने कडा चाचपत राहिले, नकलेवर बोट फिरवायचे तशाच सावकाश. वंदी पुढे झाली तेव्हा त्यांनी दुसऱ्या हाताने तिला जरा मागे सारलं. मला वाटलं, आता नाल्यात.

‘नंदा, तू इथं काय लिहिलंस? कापडात बांधलेले?’

‘हो.’

‘बांधलेले नाहीत. शिवलेले आहेत.’ त्यांनी पुरचुंडी माझ्यासमोर धरली. ‘दुहेरी कापड आहे. चारी बाजूंनी टीप आहे, बारीक. गोधडीले घालतात तशी. पोराच्या हाती लागलं तरी सुटणार नाही. हे नाही लिहिलं तू.’

‘मला हात लावू दिला नव्हता.’

‘मग आता पाहा. आन् दुरुस्त कर.’

मी पाहिलं. काकूचे टाके होते, तांदळाच्या दाण्याएवढे. बाबांनी पुरचुंडी पुन्हा होती तिथेच, तेवढ्याच खोल ठेवली, वरचा गहू तळव्याने सारखा केला, पाला पसरला, झाकण लावलं. ओसरीवर येऊन बसले. ‘हं. पुढं.’ आणि पंधरावं पान वाचायला लागले, कॉमा फुलस्टॉपसकट. थोड्या वेळाने आत सूप सुरू झालं. मग काकूचा आवाज आला, नेहमीपेक्षा जरा मोठा: ‘भाऊजी, हाताले खोबरेल लावून घ्या.’ बाबांनी उठून लावलं. त्या विषयावर घरात पुन्हा कधी बोलणं झालं नाही, आणि बिबे कोठीतच राहिले.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पहिल्या एस.टी.ने बुलढाण्याला गेले. मॅडमनी नेहमीप्रमाणे आधी आभार काढले. चार ओळी होत्या. एकवीस घरच्या बाया, प्रकल्प कसा दिसतो ते दाखवणारी सुनीताताई, रुजवात घेणारे बाबा. मग पानं उलटत त्या चौदाव्यावर आल्या.

‘इथे खाडाखोड का?’

‘आधी बांधलेले लिहिलं होतं. शिवलेले आहेत, ते काल संध्याकाळी कळलं.’

‘कोणत्या बाईचं घर?’

‘ते सांगणार नाही, मॅडम.’

त्यांनी पेन शोधलं, सही केली, तारीख घातली आणि मला चहा सांगितला. चहा पिऊन मी खोलीवर गेले, कोनाड्यातलं माझं सामान पिशवीत भरलं, कोनाडा ओल्या फडक्याने पुसून त्यात वंदीसाठी नवा कागद अंथरला, आणि बाराच्या गाडीने तिला पेटी भरायला सांगायला घरी गेले.